आवाज थांबला तर

“कान इकडे करा,” मी म्हटलं.

साहेबांनी मान वळवली. “उजव्यात घाल. डावा मोकळा राहू दे. टाळ्या वाजल्याच तर मला ऐकू आल्या पाहिजेत.”

ते बटणाएवढं यंत्र मी त्यांच्या उजव्या कानात बसवलं. त्यांचा फोन त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात, माझा माझ्या हातात. मी स्वयंपाकघरात गेलो, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात बोलू लागलो, “पुढे. अजून पुढे. जरा डावीकडे. पुढे. आता स्थिर.”

दार उघडून बघतो तर साहेब जेवणाच्या टेबलापासून वीतभर अंतरावर ताठ उभे. हात मात्र त्यांनी पुढे केलेला नव्हता. चाचपडायचं नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं.

“कोणी विचारलं तर ऐकायचं मशीन आहे म्हणून सांगा,” मी म्हटलं. “हेलिकॉप्टरवाले म्हातारपणी बहिरे होतातच. कोणाला नवल वाटणार नाही.”

“बहिरा म्हणोत, म्हातारचळ लागलाय म्हणोत, काय वाट्टेल ते म्हणोत,” साहेब म्हणाले. “आंधळा तेवढं म्हणता कामा नये. निदान उद्या सकाळपर्यंत.”

उद्या सकाळी त्यांची मुलगी परत जाणार होती. त्याआधीचा हा एक दिवस निभावला की आम्ही सुटलो.

आमची भानगड काय होती, ती सांगतो. साहेब लष्करात हेलिकॉप्टर चालवायचे आणि मी त्यांच्या मागच्या दारातला माणूस. लष्कर सोडून आम्हाला जमाना झाला. साहेब घरी बसले, मी गाडी शिकवायच्या धंद्यात पडलो. आणि आता, इतक्या वर्षांनी, कोणाच्या तरी मनात आलं की जुन्या हेलिकॉप्टर वैमानिकांचा जाहीर गौरव करावा. साहेबांचं नाव त्यात होतं. पण गेल्या वर्षभरात साहेबांच्या डोळ्यांतलं मधलंच सगळं पुसलं गेलं होतं. कडेकडेचं धूसर दिसायचं, समोरचं नाही. माणूस पुढ्यात उभा राहिला तर त्याचे कान दिसायचे, तोंड नाही. हे डॉक्टरला ठाऊक होतं आणि मला.

मुलीला सांगितलं नव्हतं, कारण ती टपलेलीच होती. एकदा दुधाचं पातेलं करपून काळं झालेलं तिने पाहिलं आणि तेव्हाच म्हणाली, “बाबा, आता पुरे. घर बंद करू आणि माझ्याकडे चला.” मुलगी वाईट नाही, लाख मोलाची आहे. पण साहेब मला म्हणाले होते, “इथे मला प्रत्येक कोपरा पाठ आहे. तिच्या आईने ठेवलेली खुर्ची अजून तिथेच आहे. तिकडे मी पाहुणा. तोही ठेचकाळणारा.”

त्यामुळे साहेबांना नजर आहे, असं आज भरसभेत दाखवायचं होतं. आपल्या खुर्चीवरून उठून एकट्याने मधल्या वाटेने चालत जायचं, पायऱ्या चढायच्या, पदक घ्यायचं आणि परत यायचं.

सकाळी निघताना आमच्या हिने मला दारातच अडवलं होतं. “तुम्हाला बोलावलंय तरी का?”

“नाही. वैमानिक आणि त्यांच्या घरचे, एवढ्यांनाच आहे.”

“मग? पदक त्यांना आणि धावपळ तुम्हाला. नोकरीत होतात तेव्हा लष्कराच्या भाकऱ्या भाजल्यात ते समजू शकते, पगार मिळत होता. आता कशाला भाजताय?”

ही बोलते तेव्हा वर्मावर बोट ठेवूनच बोलते. मलाही लागलं होतं, खोटं कशाला बोलू. त्या निमंत्रणावर साहेबांचं नाव सोनेरी अक्षरात होतं आणि त्यात मागच्या दाराचा उल्लेखसुद्धा नव्हता. दोन दिवस मी त्यांना फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचाच आला. “भोंग्या,” म्हणाले, “मला पायऱ्या दिसायच्या नाहीत रे.” आमच्या तुकडीत मला भोंगा म्हणत. माझा आवाज तसा आहे. त्यापुढे रुसून बसणं मला जमलं नाही.

हेलिकॉप्टर हवेत एका जागी थांबवलेलं असतं ना, तेव्हा वैमानिकाला स्वतःच्या पोटाखालचं काही दिसत नाही, मागचं तर नाहीच. मग मागच्या दारात एक माणूस स्वतःला पट्ट्याने बांधून बाहेर वाकतो आणि बोलत राहतो. पुढे. जरा डावीकडे. स्थिर. त्याचा आवाज वायरीतून वैमानिकाच्या कानात जातो आणि वैमानिक तेवढंच करतो, कमी नाही, जास्त नाही. साहेबांचा त्यात एक नियम होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तो घोकायला लावला होता. “तुझा आवाज थांबला तर मी हलणार नाही. वायर तुटली असेल, तू लटकत असशील, दोराला माणूस असेल, मला काय कळणार? तू बोलेपर्यंत मी तिथेच. मग इंधन संपलं तरी बेहत्तर.”

सभागृहाच्या दाराशी मुलगी उभी होती, गाडीतून उतरून थेट तिथेच आलेली. बापाचा ताठ कणा आणि आईचे डोळे घेऊन आलेली पोर. त्या डोळ्यांतून सुई सुटायची नाही.

“काका, तुम्ही पण आलात, बरं झालं,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणला. “बाबा बरे आहेत ना? फोनवर नुसतं हो-हो करतात.”

“ठणठणीत आहेत,” मी म्हटलं. “ऐकायला जरा कमी येतं, एवढंच.”

तिने साहेबांच्या कानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चपलेचा पट्टा सारखा करायला खाली वाकलो. शिकवायच्या गाडीत इतकी वर्षं समोर बघायची सवय, पण त्या पोरीच्या नजरेला नजर द्यायची हिंमत झाली नाही.

तिने साहेबांचा हात धरला आणि त्यांना पहिल्या रांगेत, अगदी वाटेच्या कडेला नेऊन बसवलं. म्हातारा बाप आणि त्याचा हात धरलेली मुलगी, त्यात कोणाला वावगं दिसणार? इथवर बरं चाललं होतं.

मला आत जागा नव्हती, पण वरच्या सज्जात दिवे सांभाळणारा गृहस्थ माझ्याकडेच गाडी शिकला होता. शिकला म्हणजे काय, तीनदा नापास झाला आणि चौथ्यांदा परीक्षकाला दया आली. त्याने मला आपल्या दिव्याशेजारच्या स्टुलावर बसवलं. तिथून खालचं सगळं तळहातावर ठेवल्यासारखं दिसत होतं. मधली लाल जाजमाची वाट, मंचाच्या पायऱ्या, मंचावर टेबल, टेबलामागे प्रमुख पाहुणे म्हणून आलेले सेनाधिकारी. मंच चांगला कंबरभर उंच होता आणि त्याला कठडा नव्हता.

“काय, घाम का फुटलाय?” दिवेवाल्याने विचारलं.

“तुझ्या शेजारी बसायची सवय सुटली ना, म्हणून,” मी म्हटलं आणि फोन लावला. “साहेब, आवाज येतोय?”

खाली साहेबांनी गुडघ्यावर एक बोट आपटलं. म्हणजे येतोय.

एकेका वैमानिकाला बोलावत होते. कोणी काठी टेकत गेला, कोणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. मला वाटलं, कशाला हा अट्टाहास, साहेबांनीही मुलीचा हात धरून जावं. पण मग तिला कळलं असतं की तो हात किती घट्ट धरलाय.

मग साहेबांची पाळी आली आणि निवेदिका त्यांच्या कामगिरीचं वाचू लागली. “महापुरात पूल दोन्ही बाजूंनी वाहून गेला असता मधल्या खांबावर अडकलेल्या नागरिकांची त्यांनी अतुलनीय धैर्याने सुटका केली.” झालं, एका वाक्यात उरकलं.

त्यांनी लिहिलं त्यात चूक काही नव्हती. पण अतुलनीय धैर्य म्हणजे काय, ते त्या कागदाला कुठून कळणार? मी सांगतो. खाली गढूळ पाणी पिसाटल्यासारखं धावत असतं. त्याच्यावर यंत्र एका जागी धरलं की डोळे खोटं बोलतात. पाणी धावतंय असं वाटतच नाही, आपणच मागे घसरतोय असं वाटतं. हात आपोआप यंत्र पुढे रेटायला जातो आणि पुढे रेटलं की पुलावरच्या तारांत पंखा अडकून सगळे खलास. म्हणून वैमानिकाने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, दारातल्या माणसावर ठेवायचा. त्या दिवशी पाचही माणसं वर येईपर्यंत मी बोलत होतो आणि साहेब ऐकत होते. शेवटची एक बाई दोराने वर आली. दाराशी पोचताच तिने भीतीने जे हाताला लागलं ते धरलं, आणि ती नेमकी माझ्या हेल्मेटची वायर होती. वायर उपटली गेली. माझा आवाज बंद. बाई अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि मी तिला दोन्ही हातांनी कवटाळून. यंत्र हातभर जरी सरकलं असतं तरी ती तारांवर गेली असती.

ते सरकलं नाही. समोर सगळं पाणी पुढे पुढे पळतंय, कानात काही नाही, शेजारचा सहवैमानिक ‘इंधन, इंधन’ म्हणून कळवळतोय, आणि साहेब बसून राहिले. किती वेळ, ते मला सांगता यायचं नाही. बाईला आत ओढून मी वायर जोडली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “काय रे, चहाला गेला होतास?” त्यांच्या पाठीवरचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. हात दाखवण्याचं धाडस पुष्कळांकडे असतं. हात आवरण्याचं मी त्या एका माणसात पाहिलं.

खाली साहेबांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले.

“वळा डावीकडे. पुढे. सरळ चला. छान. सरळ.”

ते चालू लागले, ताठ, एका लयीत. टाळ्या वाजत होत्या. मी एका हाताने तोंडाभोवती आडोसा केला होता. दिवेवाला माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत होता, पण दिव्याचा झोत त्याने साहेबांवरून हलू दिला नाही, तेवढं त्याचं काम तो नीट करत होता.

“सावकाश. आता पायरी. अजून एक. अजून. संपल्या. स्थिर.”

ते मंचावर पोचले. मी कपाळ पुसलं. आता थोडं उजवीकडे वळवायचं आणि पाहुण्यांसमोर नेऊन उभं करायचं. वळताना ते जास्तच वळले आणि त्यांचं तोंड प्रेक्षकांकडे झालं. पुढे दोनच पावलांवर मंचाची कड होती.

“साहेब, जास्त झालं. स्थिर राहा, मी...”

फोनमध्ये टुक असा आवाज झाला आणि मग काहीच नाही.

मी पुन्हा लावला. एक बाई अत्यंत प्रेमळ आवाजात म्हणाली की आपण संपर्क करत असलेला क्रमांक सध्या उपलब्ध नाही. खाली जो तो फोन उंच धरून आपापल्या म्हाताऱ्याचं चित्रीकरण घरच्यांना दाखवत होता, त्यात आमची लाइन गेली होती. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई.

साहेब उभे होते. हात बाजूला, हनुवटी वर, नजर नसलेले डोळे थेट समोर. पाहुणे पदक हातात धरून थांबले होते. टाळ्या विरळ झाल्या, मग थांबल्या. कुजबुज सुरू झाली. मला माहीत होतं, आता छप्पर कोसळलं तरी हा माणूस हलायचा नाही. चार पावलं इकडेतिकडे टाकून, हसून, हात पुढे करून वेळ मारून नेता आली असती. दुसरा कोणीही तेच करता. पण आवाज थांबला होता, आणि नियम म्हणजे नियम.

मला हिची आठवण झाली, कशाला ते देव जाणे. वाटलं, ही असती तर म्हणाली असती, आता भाजा भाकऱ्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेतला एक काठीवाला म्हातारा वैमानिक धडपडत उठला. त्याला वाटलं, साहेब न परतलेल्या सोबत्यांसाठी उभे आहेत. त्याने काठी बगलेत धरली आणि सावधान उभा राहिला. त्याच्या शेजारचा उठला. मग पहिली रांग, दुसरी, मागची. पाहुण्यांनी पदक खाली टेबलावर ठेवलं आणि तेही ताठ झाले. खुर्च्यांचा खडखड आवाज झाला आणि थांबला. सगळं सभागृह उभं राहिलं आणि इतकी शांतता पसरली की दिव्याची गुणगुण ऐकू यायला लागली. मी इतकी माणसं एकत्र इतकी गप्प कधी पाहिली नव्हती.

एकटी मुलगी बापाकडे बघत नव्हती. ती मान वर करून मला शोधत होती.

ही शांतता फार टिकणार नव्हती. ती मोडली की कोणीतरी धावत जाणार, दंडाला धरणार, साहेब दचकणार, आणि कड दोन पावलांवर. बोललो तर पोरीला कळणार होतं. नाही बोललो तर काय होईल, ते मला दिसत होतं आणि साहेबांना नाही. मी स्टुलावरून उठलो. फोन खिशात टाकला. ओरडलो नाही, दारातून बोलायचो तसंच बोललो.

“स्थिर आहात. डावीकडे वळा. अजून. बस. आता पुढे. पुढे. पुढे. स्थिर.”

माझा आवाज सभागृहभर घुमला. साहेब वळले, जसं मी म्हटलं तसंच, कमी नाही, जास्त नाही. पाहुण्यांसमोर जाऊन थांबले आणि त्यांनी खाडकन सलाम ठोकला. पाहुण्यांनी सलाम घेतला आणि पदक त्यांच्या छातीवर लावलं. मग ज्या टाळ्या सुरू झाल्या, त्यांत माझं पुढचं बोलणं बुडून गेलं असतं, म्हणून मी टाळ्या ओसरेपर्यंत थांबलो. साहेबही थांबले. मग मी त्यांना पायऱ्यांवरून उतरवून खुर्चीपर्यंत आणलं.

“मस्त बसवलं होतं हो,” दिवेवाला म्हणाला. “तुमच्या काळची कवायत दाखवली ना? मला आधी सांगायचंत, दिवे मंद केले असते.”

बहुतेकांना तसंच वाटलं होतं. बाहेर दोघे-तिघे साहेबांचा हात हातात घेऊन म्हणाले की अंगावर काटा आला. साहेब मान डोलवत होते.

मुलगी माझ्याकडे आली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता.

“किती दिवस झाले, काका?”

आता खोटं बोलायचं त्राण नव्हतं. “वर्ष झालं,” मी म्हटलं. “कडेचं दिसतं. मधलं नाही.”

“आणि तुम्ही दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत.”

“हो.”

मला वाटलं, ती मला नाही नाही ते बोलेल, आणि बोलायला हवंच होतं. तिने नुसता पदराने चेहरा पुसला. “उद्या मी त्यांना घेऊन जाणार,” ती म्हणाली. “आता माझं कोणी ऐकायचं नाही असं चालणार नाही. पण आज घरी तुम्हीच आणा त्यांना. मी मागून येते.”

मी साहेबांना बोलत बोलत माझ्या गाडीपाशी आणलं. हात पुढे केला तर म्हणाले, “हात नको. आवाज दे.” गाडीवर शिकाऊ वाहनाची ती लाल पाटी. साहेब स्टिअरिंगच्या चाकापुढच्या सीटच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

“साहेब, ती शिकणाऱ्याची बाजू.”

“मग बरोबर आहे,” म्हणाले आणि दार उघडून आत बसले.

मी वळसा घालून माझ्या नेहमीच्या जागेवर बसलो. किल्ली माझ्याच खिशात राहू दिली. साहेबांनी दोन्ही हात चाकावर ठेवले, अलगद, बोटं नुसती टेकवून. छातीवर पदक होतं. त्यांनी एकदाही त्याला हात लावून पाहिला नव्हता.

“तिला कळलं?”

“कळलं.”

“मी थांबलो तेव्हा?”

“हो.”

“चार पावलं अशीच टाकली असती तर कदाचित निभावलं असतं.”

“कदाचित,” मी म्हटलं. “नियम तुमचाच होता.”

“चांगला नियम होता तो.” मग म्हणाले, “सगळे उभे का राहिले होते रे?”

मी म्हटलं, “तुम्ही हलला नाहीत, म्हणून.” ते पुरतं खरं नव्हतं आणि पुरतं खोटंही नव्हतं.

“तिकडे मला दार कुठे, पलंग कुठे, काही ठाऊक नाही. सकाळी फोन करत जा. खोलीतून न्हाणीघरापर्यंत तरी सोडत जा.”

“करीन की.”

“तुझा फोन बंद पडतो.”

“पडला तर थांबायचं,” मी म्हटलं आणि काच खाली केली.

साहेब समोर बघत होते, जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे. “पुढे काय आहे, सांग,” ते म्हणाले.

“मोकळं आहे. उजवीकडे भिंत, तिच्याकडे जायचं नाही. डावीकडे तुमची मुलगी गाडीचं दार धरून उभी आहे. घाई करत नाहीये.”

“आणि आपण?”

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. चाकावरचं एक बोटसुद्धा हलत नव्हतं.

“स्थिर,” मी म्हटलं. “एकदम स्थिर आहोत, साहेब.”